तीन पक्षांची सोयरीक आणि माझी गहाण धार

मित्रांनो, रस्ता आपोआप होत नाही. कुणीतरी तो खरवडून, ओढून, सपाट करावा लागतो, आणि लुदाकाना नगरपालिकेत गेली सव्वीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. मी तिथला ग्रेडर. वय झालं आहे, नाकारत नाही. सकाळी चालू झालो की पहिली दहा मिनिटं नुसता खोकतो. या खोकल्यावरून मला भंगारात काढण्याचा ठराव तीन नगरसेवकांनी आणला होता. ते तिघेही पुढच्या निवडणुकीत पडले आणि मी अजून उभा आहे.

माझ्यासारखं यंत्र तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. सहा चाकं, पुढे लांबलचक मान, मागे चालकाची काचेची खोली आणि पोटाखाली आडवं, तिरकं लोखंडी पातं. या पात्याच्या खालच्या काठाला एक जाड पोलादी पट्टी बोल्टांनी आवळलेली असते. ती उंच माणसापेक्षा लांब. तिला आम्ही धार म्हणतो. जमीन कापते ती धार. बाकीचा मी म्हणजे नुसता आवाज आणि धूर.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जहाजातून आलो, बंदरावरून डोंगर चढत लुदाकानात पोचलो, तेव्हा मी लिंबासारखा पिवळा होतो. बायकांनी जिभा हलवून आनंदाचे चीत्कार केले. माझ्या स्वागतासाठी एक मेंढा कापला. मेंढ्याचं मत कुणी विचारलं नाही, पण माझी छाती भरून आली होती.

त्याच दिवशी माझ्या खोलीत चढला माझा चालक म्झुकिसी. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, कुळाच्या नावाने मारतात, म्हणून सगळं गाव त्याला ताता बेले, म्हणजे बाबा बेले, म्हणायचं. सव्वीस वर्षं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी मला हात लावला नाही. पावसाळ्यात रस्ते वाहून जायचे, आम्ही पुन्हा करायचो. शनिवारी कुणाचं दफन असलं की शुक्रवारी आम्ही तिथल्या वाटेवर हजर. शववाहिका गचके न खाता गेली पाहिजे, असा बेलेचा नियम होता. "मेलेल्या माणसाला तरी सरळ रस्ता मिळू दे," तो म्हणायचा. लोक आम्हाला मक्याची गरम भाकरी आणून द्यायचे. म्हणजे त्याला द्यायचे. मला वंगण मिळायचं.

तेव्हा नगरपालिकेत एकच पक्ष होता, कणीस पक्ष. त्यांचं राज्य फार चांगलं होतं असं नाही. आधी त्यांच्या पुढाऱ्यांच्या दारापुढचे रस्ते व्हायचे आणि मग उरलेल्या गावाचे. पण हुकूम एका तोंडातून यायचा. मी गेलो तर गेलो, थांबलो तर थांबलो.

मग ती निवडणूक आली. सतरा जागा. कणीस पक्षाला आठ मिळाल्या. कंदील पक्षाला पाच, बैल पक्षाला तीन. राहिली एक. ती जिंकली छत्री पक्षाच्या मोंगेझीने. छत्री पक्षाचा अध्यक्ष मोंगेझी, चिटणीस मोंगेझी, आणि पक्षाच्या बैठकीला उशिरा येणाराही मोंगेझीच. मक्याच्या गिरणीवरच्या रांगेत कुणीतरी त्याच्या पुढे घुसलं, त्या रागातून त्याने हा पक्ष काढला होता. आता बहुमताला नऊ लागत होते, आणि ज्याच्याकडे मोंगेझी, त्याच्याकडे नगरपालिका. आदल्या दिवशीपर्यंत ज्याच्या नमस्काराकडे कुणी पाहत नव्हतं, त्याच्या फोनची बॅटरी दिवसात तीनदा संपू लागली.

कंदील पक्षाच्या पुढारी होत्या मादलोमो. निवृत्त मुख्याध्यापिका. त्या खोलीत आल्या की विरोधी पक्षही उठून उभा राहायचा. बैल पक्षाचा वुयिसिले पूर्वी रेडिओवर फुटबॉलचं वर्णन करायचा आणि अजूनही कुठलीही गोष्ट त्याच आवाजात सांगायचा. या दोघांनी मोंगेझीला सभागृहात बोलावलं. तो आला नाही.

"दोन घरं जोडायची असली तर माणसं पाठवतात," त्याने निरोप धाडला. "तुम्ही मला कागद पाठवलाय. मी काय तुमचा कारकून आहे?"

आता आमच्याकडे मुलीला मागणी घालायची रीत ठरलेली आहे. नवऱ्या मुलाचे काका-मामा मुलीच्या घरी जातात, फाटकाबाहेर ताटकळतात, किती गुरं द्यायची यावर घासाघीस होते. ज्यांचा एकमेकांवर तिळभर विश्वास नाही अशी दोन घरं जोडायची दुसरी कुठली रीत लुदाकानात कुणालाच ठाऊक नव्हती. कंदील आणि बैल पक्षांनी मग माणसं पाठवायचं ठरवलं. मोंगेझीचं घर न्ताबेनीच्या टेकडीवर. वरचा रस्ता इतका खराब की गाडी चढेना, म्हणून पुढे मी, मागे पाहुण्यांची गाडी. गाडीपुरती वाट मी खरवडली. एवढंच करायचा हुकूम होता.

मोंगेझीच्या काकाने फाटकातूनच विचारलं, "कोण तुम्ही?"

"नगरपालिकेतून आलोय, ताता," मादलोमोंचा थोरला भाऊ म्हणाला.

"नगरपालिका? ती कधी इकडे येत नाही. वाट चुकलात का?"

दोन तास उन्हात उभं केलं. उशीर केला म्हणून दंड लावला, आणि उशीर का झाला तर दोन तास फाटकाबाहेर होते म्हणून. मादलोमो गाडीतच बसून होत्या. नगराध्यक्ष त्याच होणार होत्या, पण सोयरिकीच्या बोलण्यात बायांनी पुढे यायचं नसतं. आयुष्यभर पोरांना हात बांधून बसवलेल्या बाई स्वतः हात बांधून बसल्या होत्या. काचेतून त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि मी इंजिन बंद ठेवून फार कष्टाने गंभीर राहिलो.

शेवटी बोलणी सुरू झाली. मोंगेझीला पद नको होतं. त्याला टेकडीवरचा रस्ता हवा होता, घाटापासून वरच्या सपाटीपर्यंत, दोन्ही बाजूंना पाण्याचे चर काढून.

"करून देऊ," वुयिसिले म्हणाला. "सत्ता आली की लगेच."

"लगेच म्हणजे कितव्या दिवशी?" काका म्हणाला. "अन् तारण काय? पोरगी मागायला आलात आणि मागे एक वासरू दिसत नाही."

काकाची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. तो उठला, माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं.

"ही धार काढून ठेवा. इथं, आमच्या गोठ्यात. रस्ता वरपर्यंत पोचला की धार परत."

मित्रांनो, मी तुम्हाला खरं सांगतो, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खुर्ची नाही मागितली, बंगला नाही मागितला, एक लोखंडाची पट्टी मागितली! टाळ्या झाल्या. घरची आंबट बिअर फिरली. एकटा बेले पुढे आला.

"पण ताता, धारच नसली तर रस्ता कशाने..."

"बेले," मादलोमोंचा भाऊ म्हणाला, "मोठी माणसं बोलतायत ना?"

बेले तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. त्याने पाना काढला, बोल्ट सोडवले, एका डब्यात ठेवले. चार माणसांनी माझी धार उचलून गोठ्यात नेली. मी टेकडी उतरलो तेव्हा पोटाखालून वारा जात होता. इतकं उघडं मला कधी वाटलं नव्हतं.

खरी गंमत पुढे झाली. धाकट्याला तारण मिळालं म्हटल्यावर थोरल्यांना चैन पडेना. उद्या मोंगेझी कणसांकडे गेला तर? वुयिसिलेने डिझेलच्या कोठाराचं कुलूप बदललं आणि किल्ली आपल्या खिशात घातली. मादलोमोंनी माझी किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. बोल्टांचा डबा कणीस पक्षाचे पुढारी लुंगिले यांनी धार गहाण ठेवल्याच्या तक्रारीचा पुरावा म्हणून जप्त करवला. चौघांपैकी प्रत्येक जण मला अडवू शकत होता. चालवू शकेल असा एकही नव्हता. आणि यालाच सगळे सहकार्याचा करार म्हणायचे.

मग मी नगरपालिकेच्या आवारात उभा राहिलो. पाऊस आला. माझ्या मानेवर सुगरणींनी घरटी बांधली. शेळ्या माझ्या सावलीत रवंथ करू लागल्या. दर गुरुवारी ग्रेडर समन्वय समितीची बैठक व्हायची. पहिला अर्धा तास मागच्या बैठकीत कोण कुणाला काय बोललं यात जायचा आणि दुसरा अर्धा तास पुढची बैठक कुणाच्या कार्यालयात घ्यायची यात. मधल्या वेळात चहा. एका बैठकीत समितीचं नाव बदलावं का, यावर मतदान झालं आणि बरोबरी झाली.

एकदा लोकांची ओरड फार वाढली. तेव्हा मादलोमोंनी तासापुरती किल्ली दिली आणि वुयिसिलेने एक डबा डिझेल. मला धारेशिवाय मोठ्या रस्त्यावरून फिरवलं. वुयिसिले पुढे उभा राहून भोंग्यावर ओरडत होता, "आणि विकास आता मैदानाच्या मध्यावर! पुढे सरकतोय! बचावफळीला चकवलं!" फोटो निघाले. मी गेलो तिथे रस्ता जसा होता तसाच राहिला, फक्त माझ्या चाकांच्या दोन खुणा जास्त झाल्या. त्या दिवशी बेले संध्याकाळी माझ्या पायरीवर बसला आणि बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिला. मला त्याच्यासमोर मान वर करावीशी वाटेना.

तुम्ही म्हणाल, कुणी सरळ जाऊन धार परत का मागितली नाही? कशी मागणार? तारण परत मागणं म्हणजे सोयरीक मोडणं. सोयरीक मोडली की मोंगेझी पलीकडे जाणार आणि सत्ता गेली. कणीस पक्ष दर महिन्याला अविश्वासाचा ठराव आणायचा आणि दर महिन्याला हे तिघे एकमेकांचे हात धरून वाचायचे. आणि मोंगेझीने आपणहून का दिली नाही? ते मात्र बेलेला एकदा त्यानेच सांगितलं, आवारात आला होता तेव्हा.

"बेले, तू मला हसतोस, मला कळतं. पण धार दिली, रस्ता झाला, तर दुसऱ्या दिवशी माझा फोन कोण उचलेल? एका जागेचा माणूस आहे मी. माझ्याजवळ दुसरं आहे काय?"

मला पहिल्यांदा मोंगेझीचा राग आला नाही.

पण रस्त्याला राजकारण कळत नाही. पावसाने न्ताबेनीची वाट मधोमध चिरली. दर मंगळवारी आरोग्य खात्याची दवाखान्याची गाडी वर जायची, त्यात सिस्टर थेंबेका असायच्या. वरच्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब, साखर, गोळ्या, सगळं त्या बघायच्या. गाडी घाटाच्या तळाशी थांबू लागली. ज्यांना चालवत होतं ते उतरून यायचे. ज्यांना चालवत नव्हतं ते वरच राहायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात खात्याचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत गाडी वर जाऊ शकली नाही तर न्ताबेनी हा थांबा यादीतून कायमचा काढण्यात येईल.

त्याच महिन्याच्या शेवटी बेले निवृत्त होणार होता. त्याने ते पत्र वाचलं, घडी करून टोपीत ठेवलं आणि मला म्हणाला, "हा एक रस्ता करायचा आणि मग जायचं. नाहीतर कुठल्या तोंडाने जाऊ?"

तो पायीच टेकडी चढून गेला. पुढचं मला त्याने दुसऱ्या दिवशी रेडिएटर पुसता पुसता सांगितलं. मोंगेझीच्या फाटकाबाहेर झाडाखाली दोन दगडांवर माझी धार आडवी टाकलेली होती आणि तिच्यावर मोंगेझीची आई बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची मखुलु, म्हणजे सगळ्या टेकडीची आजी. अर्ध्या लुदाकानाची सुईण होती ती. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत.

"मखुलु, इथं का बसलाय?"

"दवाखान्याच्या गाडीची वाट बघतेय. मोंगेझी म्हणतो गाडी बिघडलीय. पाच महिने बिघडलीय. तो गोळ्या आणून देतो, पण परवापासून पिवळीच्या जागी पांढरी आलीय आणि डोकं गरगरतंय. बाक छान आहे की नाही? गोठ्यात पडला होता, मी बाहेर काढवून घेतला. पण एवढी भोकं कशाला रे पाडलीत यात?"

"बोल्टांची आहेत ती," बेले म्हणाला.

"कसले बोल्ट?"

सव्वीस वर्षं मोठी माणसं बोलत असताना गप्प बसलेल्या बेलेने मग सगळं सांगितलं. ज्या गाडीची वाट बघत म्हातारी रोज बसत होती, ती गाडी अडवून धरणाऱ्या लोखंडावरच ती बसली होती. ऐकून झाल्यावर तिने शेजारच्या घरी हाक मारून बैलांची बिनचाकी घसरगाडी मागवली.

त्या शुक्रवारी अविश्वासाचा ठराव होता. या वेळी मोंगेझी फुटणार अशी जोरदार कुजबुज होती. लुंगिले यांनी आधीच नवा कोट शिवून घेतला होता. वीज गेलेली, ती आमच्याकडे वेळापत्रक लावूनच जाते, म्हणून सभागृहात अंधार होता आणि सतरा नगरसेवक आवारात खुर्च्या मांडून माझ्या समोरच बसले होते. मतदान सुरू होणार इतक्यात फाटकातून दोन बैल आत आले. मागे घसरगाडी. घसरगाडीवर दोरखंडाने बांधलेली माझी धार. आणि धारेवर चादर पांघरून बसलेली मखुलु.

मोंगेझीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आई! तू इथं कशाला?"

"तुझी सोयरीक झाली म्हणे. मला आमंत्रण नव्हतं, म्हणून आपलीच आले."

मादलोमो उठून उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या म्हणून सगळेच उभे राहिले.

"बसा," मखुलु म्हणाली. सगळे बसले. मादलोमोसुद्धा. मी माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा पाहिलं.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "पोरगी माहेरी कोंडून ठेवून सासरी कधी पाळणा हलला आहे का?"

वुयिसिले हळूच म्हणाला, "नाही, मखुलु."

"माझ्या बापाला माझी शेवटची गाय मिळाली तेव्हा मला चार पोरं झाली होती. म्हणून काय त्याने मला तोवर गोठ्यात ठेवलं होतं? मुलगी आधी नांदायला जाते. गुरं मागून येत राहतात. देणं राहतं, म्हणूनच तर येणं-जाणं राहतं. मोंगेझी, तुला हे ठाऊक नव्हतं की तुझा काका विसरला?"

काका मागे कुठेतरी बुटाची नाडी बांधू लागला.

"पण आई, रस्ता झाल्यावर हे मला विचारणार नाहीत!" मोंगेझी एकदम बोलून गेला, सगळ्यांसमोर. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"आणि मी मेल्यावर तू कुणाला पांढऱ्या गोळ्या आणून देणार आहेस?"

मोंगेझीने खाली पाहिलं. मग तो उठला, घसरगाडीजवळ गेला आणि दोरखंडाची गाठ सोडू लागला. गाठ सुटेना. बेलेने जाऊन त्याला मदत केली.

तुम्हाला वाटेल आता काम झालं. छे! घोडं लगेच पुन्हा अडलं. आधी किल्ली की आधी डिझेल? मादलोमो म्हणाल्या, आधी डिझेल येऊ दे. वुयिसिले म्हणाला, चेंडू त्यांच्या पायात आहे, त्यांनी आधी टोलवावा. यावर उपसमिती नेमावी असा प्रस्ताव आला आणि त्याला अनुमोदनही मिळालं.

"दोघं एकदम द्या," मखुलु म्हणाली. "मी टाळी वाजवते. टाळी वाजल्यावर ज्याचा हात रिकामा दिसेल त्याच्या आईकडे जाईन."

टाळी वाजली. किल्ली आणि किल्ली, दोन्ही बेलेच्या टोपीत पडल्या. मग बेले म्हणाला की बोल्ट नाहीत. बोल्ट पुराव्यात आहेत. सगळ्यांच्या माना कणीस पक्षाकडे वळल्या. लुंगिले कोट सावरत म्हणाले, "ती कायदेशीर बाब आहे. विरोधी पक्षाची काही जबाबदारी असते."

"लुंगिले," म्हातारी म्हणाली, "तू पायाळू होतास. दोन रात्री मी तुझ्या आईपाशी बसले. तेव्हा मी विचारलं होतं का, पोर कुठल्या पक्षाचं होणार?"

बोल्टांचा डबा त्यांच्या गाडीच्या डिकीतूनच निघाला.

ठराव त्या दिवशी बारगळला, कारण अर्धे सदस्य माझ्याभोवती जमून बेलेला बोल्ट कसे आवळायचे ते शिकवत होते. बेलेने त्यांच्यातल्या कुणालाच पाना दिला नाही. पाना यांगाच्या हातात होता. यांगा म्हणजे बेलेच्या हाताखाली वर्षभर शिकणारी, त्याच्या जागी येणारी चालक. धार पात्याला लागली आणि माझ्या सगळ्या अंगातून एक थरथर गेली. ती इंजिनाची नव्हती.

न्ताबेनीला आम्हाला सात दिवस लागले. चिरलेली वाट भरली, उतार दिला, दोन्ही बाजूंना चर काढले. मार्चच्या शेवटच्या मंगळवारी आम्ही वरच्या सपाटीवर उभे होतो. खालून दवाखान्याची पांढरी गाडी हळूहळू वर येत होती. एका वळणावर ती थांबली आणि बेलेने माझं स्टिअरिंग घट्ट धरलं. मग ती पुन्हा निघाली. वर पोचली तेव्हा बायकांनी तेच चीत्कार केले, जे मी सव्वीस वर्षांपूर्वी ऐकले होते, आणि बेले तोंड फिरवून डोळे पुसू लागला. मला म्हणाला, धूळ फार आहे.

त्याच दिवशी दुपारी सरकार पडलं. रस्त्याच्या फलकावर आधी कंदील काढायचा की आधी बैल, यावरून. गाडीला याचा पत्ता नव्हता. ती गोळ्या वाटून संध्याकाळी खाली उतरली.

बेलेच्या नोकरीचा शेवटचा दिवस शनिवार होता. निरोपसमारंभ झाला नाही, कारण भाषण कोणत्या पक्षाने करायचं ते ठरत नव्हतं. त्याला ते सोयीचंच पडलं. तो यांगाला घेऊन आवारात आला, वेल्डिंगचं यंत्र लावलं आणि माझी धार पात्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत डागून टाकली. बोल्ट होते तिथेही वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला. मित्रांनो, आमच्या धंद्यात असं करत नाहीत. धार झिजली की बदलायची असते. ती आता बदलता येणार नाही. ज्या दिवशी ती संपेल त्या दिवशी मीही संपेन. हे बेलेला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. काम झाल्यावर त्याने मुखवटा काढला, गरम पात्याशेजारी हात धरला आणि म्हणाला, "माफ कर, म्हाताऱ्या." मी माफ केलं आहे. त्याला कसं कळवायचं, हे मात्र मला अजून सुचलेलं नाही.

आठच दिवसांत नवी सोयरीक झाली. कणीस आणि छत्री. आठ आणि एक, नऊ. लुंगिले यांचा कोट कामी आला. आणि सोमवारी सकाळी मोंगेझी दोन माणसं आणि एक पाना घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. घाटातल्या नाल्यावर त्याला मोरी हवी होती आणि तोवर तारण. माणसं माझ्याखाली शिरली. बराच वेळ खुडबुड झाली.

"साहेब, याला बोल्टच दिसत नाहीत."

मोंगेझी स्वतः वाकला. त्याने डागलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "हे कुणी केलं?"

"ताता बेलेनी," यांगा वरून म्हणाली. "जायच्या आधी."

"मग आता ही निघत नाही?"

"कापून निघेल. पण कापली की परत बसणार नाही. मग ना तुमच्या कामाची, ना आमच्या."

तो उभा राहिला. पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्याला काय करावं ते खरंच सुचत नव्हतं. तारणाशिवाय विश्वास कसा ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी तो यांगाला म्हणाला, "नाल्यापर्यंत जायला किती वेळ लागेल?"

"तुम्ही बाजूला झालात तर चाळीस मिनिटं."

तो बाजूला झाला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पायरी चढून यांगाच्या मागे येऊन उभा राहिला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. चौघं मिळून एखादी वस्तू घ्याल, एखादं घर चालवाल, कदाचित एखादं गावही. भांडा, खुशाल भांडा, माझी ना नाही. पण त्या वस्तूचा एकेक तुकडा घेऊन चौघं चार कोपऱ्यांत बसू नका. तिला पुसा, तेल द्या, कामाला लावा. आम्हा यंत्रांना कौतुक नसलं तरी चालतं. नुसतं उभं राहणं सोसत नाही.

दवाखान्याची गाडी आता दर मंगळवारी वर येते. परवा मी चर साफ करत तिथेच होतो. सिस्टर थेंबेकांनी मखुलुच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मखुलु, रक्तदाब अजून वरच आहे हो."

"असणारच, बाई," म्हातारी म्हणाली. "मुलगा सत्तेत आहे."